पट्ट्यांनी आवळलेला दगड

सरांना कुणी घरी जेवायला बोलावलं की ते आधी बेसिनकडे जात. हात धुवायला नव्हे, नळाच्या तोंडाशी डोळा लावायला. खिशातली छोटी टॉर्च काढून ते नळात उजेड पाडत, करंगळीने आतली कड चाचपत आणि यजमानीणबाईंना गंभीरपणे सांगत, "तुमच्या नळांत पीक चांगलें आलें आहे." पीक म्हणजे चुना. चेन्नईत ज्यांच्या वाट्याला बोअरचं पाणी येतं त्यांच्या नळांवर, बादल्यांच्या कडांवर, गीझरच्या आत हा पांढरा थर साचत राहतो. लोक वैतागतात, सर खूश होत. यजमानीणबाईंना मात्र आपल्या स्वच्छतेवर ठपका आल्यासारखं वाटे आणि पुढे बराच वेळ सरांच्या पत्नी त्यांची समजूत घालत बसत.

मी त्यांची विद्यार्थिनी. दोन हजार चारच्या सुमारास सांगलीहून पीएच.डी. करायला चेन्नईत आले, तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता आणि दगडाबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो टणक असतो. सरांनी पहिल्याच दिवशी तेही काढून घेतलं. "दगड टणक असतो हें कोण सांगितलें तुज? दगड म्हणजे भेगा. मधें मधें थोडा दगड असतो."

आमचा विषय सांगायला सोपा होता. जमिनीखालच्या कातळाला भेगा असतात, भेगांतून पाणी वाहतं. त्या पाण्यात चुन्यासारखी खनिजं विरघळलेली असतात. वाटेत ती भेगेच्या भिंतींवर बसतात, भेग अरुंद होते, पाणी कमी होतं. किती कमी, किती काळात, आणि शेवटी भेग बुजते का, हे संगणकावर आधीच मांडून बघायचं. भेग निम्मी झाली म्हणून पाणी निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतं. त्यामुळे केसभर चुना नेमका कुठे बसला यानेही सगळं गणित फिरतं. बोगदे खणणाऱ्यांना, बंधाऱ्याखालून झिरपणाऱ्या पाण्याच्या मागे लागलेल्यांना हे उत्तर हवं असतं. माझ्या आईने हे सगळं फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे नळ कसा तुंबतो त्याचा अभ्यास. त्याला इतक्या लांब जायला कशाला हवं होतं?"

सर तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि जाताना जी मराठी बरोबर नेली तीच जपून वापरत राहिले, मधल्या काळात लागेल तसं तमिळ घालून. मला मराठी मुलगी म्हणून त्यांच्याकडे पाठवलं होतं, पण पहिले काही महिने आम्हा दोघांना एकमेकांची मराठी कळत नव्हती. मी "अपलोड झालं नाही" म्हटलं की ते कपाळाला आठ्या घालत, आणि ते "जेवण जालें?" म्हणाले की मला आजीच्या पोथीतलं कुणीतरी उठून बोलतंय असं वाटे. हळूहळू वाटणी ठरून गेली. रागवायचं तमिळमध्ये, गणित इंग्रजीत, घरगुती चौकशी मराठीत. कौतुकाला त्यांच्याकडे भाषाच नव्हती. फार झालं तर मान एका बाजूला कलती करून "ह्म्म" म्हणत आणि लगेच नवी शंका काढत.

एका जागी थांबणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर कापलेल्या पाइपांचे तुकडे रचलेले असत. वेलचेरी भागातल्या जुन्या इमारतींचे प्लंबर जुने लोखंडी पाइप काढायला लागले की सर ते मागून आणत आणि आडवे कापून घेत. आत चुन्याची पांढरी कडी, मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक. पाहुणा आला तर त्यालाही उभंच राहावं लागे. आमच्या चर्चा कॉरिडॉरमध्ये चालता चालता होत. ते पुढे, मी लॅपटॉप उघडा धरून मागे. जिन्याच्या वळणावर ते गर्रकन वळत आणि विचारत, "पाण्यास दाब कुठून?" उत्तर चुकलं तर खाली जाण्याऐवजी परत वर. मी त्या वर्षांत जेवढी बारीक झाले तेवढी नंतर कधी झाले नाही.

मी वेलचेरीत तीन सॉफ्टवेअरवाल्या मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहत होते. सरांचं घर अण्णा नगरला, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या बाजूला. तरी संध्याकाळी एखादा मुद्दा अर्धवट राहिला की ते माझ्याबरोबर शेअर ऑटोत चढत. ऑटोत माणसं दाटीवाटीने बसलेली, कुणाच्या मांडीवर भाजी, कुणाच्या मांडीवर मूल, आणि सर वाकून, मान छताला घासत मला विचारणार की भेगेच्या तोंडाशी पाण्याचा वेग काय धरलास. एकदा गजऱ्यांची टोपली घेतलेल्या एका बाईला राहवलं नाही. ती सरांना तमिळमध्ये म्हणाली, "मुलगी दमून आलीय, घरी गेल्यावर रागवा." सर म्हणाले, "माझी मुलगी असती तर रागावलोच नसतो." मग वेलचेरीला माझ्याबरोबर उतरून, रस्ता ओलांडून, ते उलट दिशेची ऑटो पकडून निघून गेले.

एका नोव्हेंबरात वेलचेरीत पाणी भरलं. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता, त्यामुळे आम्ही कोरड्या होतो, पण वीज नव्हती आणि खाली गुडघ्याच्या वर पाणी. दुपारी गॅलरीतून बघते तर सर. पँट गुंडाळून वर घेतलेली, डोक्यावर एका हाताने धरलेला स्टीलचा डबा. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, लिंबाचा भात पाठवला होता. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. ते जिन्याच्या तळाशी पाण्यात उभे राहिले, डबा वर दिला आणि म्हणाले, "पाणी उतरेल तेव्हां आधीं कुठून उतरतें तें बघून ठेव, मा. सगळीकडून सारखें उतरणार नाहीं." आणि गेले. 'मा' ही तिकडची मायेची हाक. माझी कोइंबतूरची रूममेट म्हणाली, "नातेवाईक का?" मी म्हटलं, गाइड. ती म्हणाली, "मग तर तुझं काही खरं नाही."

'सगळीकडून सारखें' या शब्दांवर त्यांचा फार राग होता. जगात कुठलीच गोष्ट सगळीकडे सारखी नसते आणि सरासरी काढणारा माणूस लबाड असतो, असं त्यांचं मत. वर्गात एका मुलाने भेगेची सरासरी रुंदी फळ्यावर लिहिली तर सरांनी त्याला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं, मुलांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या केल्या, काही ठिकाणी पोटं पुढे काढायला लावली आणि त्याला मधून जायला सांगितलं. तो अडकला. "आतां सांग, सरासरी रुंदी किती?" सर विचारत होते. बिचारा घामाघूम.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. ती सांगताना मी अजून अस्वस्थ होते.

सरांच्या टेबलावर एक दगड होता. ग्रॅनाइटचा, पाण्याच्या तांब्यापेक्षा थोडा मोठा, गोल कापलेला. त्याला उभी भेग होती, वरपासून खालपर्यंत. म्हणजे दगडाच्या दोन फाकी होत्या, त्या एकमेकींवर बसवून बाहेरून तीन लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या होत्या आणि सांध्यावर मेण भरलं होतं. तरुणपणी सरांनी या भेगेतून चुन्याचं पाणी सोडलं होतं. वरून टाकी, खाली मोजपात्र. थेंब मोजत महिनोन् महिने काढले. थेंब कमी कमी होत गेले आणि शेवटी थांबले. भेग बुजली. त्या आकड्यांवरून सरांनी एक आलेख काढला, एक सूत्र मांडलं: भिंतींवर थर असा असा चढत गेला तर पाणी असं असं कमी होतं आणि अमुक काळाने भेग बंद होते. त्या सूत्राने त्यांचं नाव झालं. कितीतरी जणांनी ते वापरलं. त्यांच्या हाताखालच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यावर उभे राहिले. परदेशातून बोलावणं आलं होतं तेव्हाही सर या दगडापायी गेले नाहीत, असं बाई सांगत. दगड विमानात कसा न्यायचा, पट्ट्या सैल झाल्या तर काय, असा त्यांचा प्रश्न होता. बाई हे हसत सांगत, पण दर वेळी सांगत.

त्या दगडाला कुणी हात लावलेला सरांना खपत नसे. झाडणारी बाईसुद्धा त्याच्याभोवतीने फडकं फिरवी.

माझा संगणकावरचा नमुना, म्हणजे मॉडेल, सरांच्या सूत्रापेक्षा नवा होता एवढंच. मी भेगेचे हजारो बारीक चौकोन करून प्रत्येक चौकोनात चुना आपल्या मनाने बसू दिला. सूत्रात थर सगळीकडे सारखा चढतो असं धरलं होतं. हो, सारखा. ज्या माणसाने मुलांची पोटं पुढे काढायला लावली त्याच माणसाच्या सूत्रात भिंत तोंडापासून टोकापर्यंत एकसारखी जाड होत होती. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. कारण माझ्या नमुन्यात वेगळंच होत होतं. पाणी आत शिरतं तिथेच चुना भसाभस बसे, तोंड बुजे आणि आतली भेग कोरीच्या कोरी राहत असे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार, कारण थेंब दोन्हीकडे थांबतात. पण आतून भरलेली भेग आणि नुसतं तोंड बंद झालेली भेग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जरा दाब वाढला, जरा कातळ हलला, की ते बूच निघणार आणि पाणी पहिल्यासारखं धावणार. बंधाऱ्याखाली भेग बुजली म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाला तो फरक कळायला हवा.

मी आलेख सरांपुढे ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. चालता चालताच, पण चाल मंदावली.

"चौकोन आणखी बारीक कर," ते म्हणाले.

केले. आठवडाभर मशीन चालू ठेवलं. उत्तर तेच. मग त्यांनी पाण्याचं तापमान बदलायला लावलं. मग चुन्याचं प्रमाण. मग भेगेचा खडबडीतपणा. मग पुन्हा चौकोन. दर वेळी तोंड बुजे, आत कोरं. दर वेळी सर "ह्म्म" न म्हणता पुढचं काम सांगत. असं वर्ष गेलं. माझी फेलोशिप संपत आली होती. रूममेट्स नोकऱ्या बदलून लग्नं करून निघून गेल्या, नव्या आल्या, त्याही मला 'अक्का' म्हणायला लागल्या. आई फोनवर विचारी, "त्या भेगेतनं अजून पाणी जातंच आहे का गं?" आणि मग हळूच विषय बदलून कुणाच्या तरी मुलाबद्दल बोले. मला झोप लागेना. स्टेशनच्या फलाटावर मी फेऱ्या मारायला लागले आहे हे एकदा माझ्याच लक्षात आलं आणि मी सरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मला स्पष्ट वाटत होतं की हा माणूस मला अडवतोय. माझा प्रबंध मंजूर झाला तर त्यांचं सूत्र जाणार होतं, म्हणून ते मला चौकोनांत फिरवत ठेवत होते. डिपार्टमेंटमधले इतरही तसंच म्हणत, अर्थात दार लावून.

मधे स्कॅनचा प्रकार झाला. दगड न उघडता आत बघता येईल, असं सरांनीच एक दिवस काढलं, आणि तो उचलून आम्ही अण्णा नगरातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, पेशंटचं नाव? सरांनी खाली बघत सांगितलं, "ग्रॅनाइट." वय? सर म्हणाले, "पुष्कळ." शेवटी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी दगड मशीनवर घेतला. चित्र आलं ते सगळं पांढऱ्या रेघांनी भरलेलं. डॉक्टर म्हणाले, लोखंडी पट्ट्यांमुळे असं होतं, काही दिसत नाही, त्या काढल्या तर लगेच पुन्हा घेऊ. सर दगड उचलून चालायला लागले. मी मागून धावले.

"सर, पट्ट्याच तर काढायच्या आहेत."

"काढलों तर प्रयोग संपला."

"प्रयोग संपून किती वर्षं झाली, सर."

ते चालतच राहिले. तेव्हा मला एक गोष्ट इतकी लख्ख दिसली की मी रस्त्यातच थांबले. त्या दगडाला दोन फाकी होत्या. आतून चुन्याने भरला असेल तर फाकी चिकटून एक झाल्या असणार. नसेल तर पट्ट्या काढताच सुटणार. एवढ्या वर्षांत, एवढ्या विद्वानांत, एकानेही त्या पट्ट्यांचे स्क्रू सैल करून बघितले नव्हते. खाली थेंब थांबले, आकडा शून्य झाला आणि सगळ्यांनी मान डोलावली. आकड्यावर जगणाऱ्या माणसांकडूनच हे होऊ शकतं. भाजीवाल्याने तरी टरबूज फोडून बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत जाऊन म्हणाले, "सर, दगड उघडा. नाहीतर मला दुसरा गाइड द्या." माझा आवाज चढला होता. बाहेर कुणीतरी चालताना थांबल्याचं कळलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे, आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "सेरि, पो." बरं, जा.

त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका शनिवारी सकाळी फोन आला. बसस्टँडवर ये. गेले तर हातात तिकडच्या लग्नात मिळते तसली पिवळी कापडी पिशवी घेऊन सर उभे. पिशवी जड दिसत होती. मला वाटलं बाईंनी काही दिलंय. आम्ही समुद्रालगतच्या रस्त्याने जाणाऱ्या बसमध्ये चढलो. सर उभेच. कोवलमला त्यांनी उतरायला सांगितलं.

हे कोवलम केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं कोळ्यांचं गाव. वाळूवर ओढून घेतलेल्या होड्या, जाळी विणत बसलेले पुरुष, माशांच्या टोपल्यांभोवती बायका. सर शाकाहारी, वासाने नाक मुरडत होते, पण चालत राहिले. एका उलट्या होडीच्या सावलीत त्यांनी पिशवी ठेवली आणि दगड बाहेर काढला. मी बघतच राहिले.

"इथें कशाला, सर?"

"तिथें उघडलों असतों तर दहा जण बघावयास आले असते. इथें कोणास कांहीं पडलें नाहीं." खिशातून पाना आणि चाकू काढत ते म्हणाले, "बघ मा. आंतून भरला निघाला तर तुझीं वर्षें गेलीं. कोरा निघाला तर माझीं. दोघांपैकीं एकाचीं जाणार. देवास काय मागायचें तें तूं आपलें माग. मी माझें मागतों."

मी मागितलं. अगदी मनापासून मागितलं, त्याच्यात संकोच कसला.

स्क्रू गंजले होते. पहिली पट्टी निघाली, दुसरी निघाली, तिसरीला पाना घसरून सरांचं बोट सोललं. मेण चाकूने खरवडून काढलं. आता दगडाला काहीच आवळून धरत नव्हतं. सरांनी दोन्ही हातांनी फाकी ओढल्या. सुटल्या नाहीत.

पुन्हा ओढल्या. दगड अखंड होता.

सरांचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. अगदी दातांची फट दिसेपर्यंत. आईला काय सांगायचं, सामान कुठल्या गाडीने न्यायचं, असले विचार माझ्या डोक्यात लगोलग यायला लागले. त्या क्षणी सरांनी पट्ट्या परत चढवल्या असत्या तर मी एक शब्द बोलू शकले नसते. दगड एक झाला आहे, हे आम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि दगड उलटा करून खालच्या टोकाशी, जिथून पूर्वी थेंब पडत, चाकूचं पातं भेगेत घातलं. पातं सहज आत गेलं. तेव्हाच त्यांना कळलं असणार. तरी त्यांनी पातं पिरगळलं. काडी मोडल्यासारखा छोटा आवाज झाला आणि दोन फाकी त्यांच्या दोन हातांत आल्या.

वरच्या तोंडाशी बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा होता. मोडलेला, साखरेसारखा. त्याच्याखाली काही नव्हतं. खालपर्यंत नुसता करडा ग्रॅनाइट, उन्हात अभ्रकाचे कण चमकत होते. भेग पडली त्या दिवशी होता तसाच.

माशांच्या टोपलीवरून उठून एक बाई आमच्याजवळ आली होती. एवढे खटाटोप करून हे शहरी लोक काय फोडतायत, हे बघायला. तिने विचारलं, "उळ्ळे एन्ना सार इरुक्कु?" आत काय आहे, सर?

"ओन्नुम इल्ले, मा," सर म्हणाले. काही नाही.

बाई निराश होऊन परत गेली. सर करंगळी त्या कोऱ्या दगडावरून फिरवत राहिले, वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग म्हणाले, "तोंड बुजलें होतें. मी सांगितलों भेग बुजली."

मला आनंद झाला होता. तो झाला नाही असं म्हणणं ढोंग होईल. माझी वर्षं वाचली होती. पण त्यांच्या सोललेल्या बोटाचं रक्त पांढऱ्या चुन्यावर लागत होतं, ते मला बघवेना. मी माझा रुमाल दिला. त्यांनी त्यात बोट न गुंडाळता दगडाच्या दोन्ही फाकी गुंडाळल्या.

सोमवारी डिपार्टमेंटमध्ये बातमी पसरली. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सरांना समजावलं की एवढा गाजावाजा करायचं कारण नाही, मुलीच्या प्रबंधात 'सूत्रात सुधारणा' असं एक प्रकरण घाला, मिटलं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. सर कॉरिडॉरमधून चालत होते आणि ते प्राध्यापक मागे मागे. "सुधारणा नाही," सर इंग्रजीत म्हणाले, "चूक." मला त्यांनी बजावलं की माझ्या लेखावर त्यांचं नाव घालायचं नाही आणि त्यांच्या लेखावर माझं नाव येणार नाही. "आधीं माझी चूक छापून जाऊं दे. मग तुझें बरोबर जाईल. दोन्ही एकांत घातलों तर लोक माझी चूक वाचणारच नाहींत."

चुकीचा लेख त्यांनी पाठवला. पण तेवढ्याने त्यांचं भागेना. छापून येईपर्यंत कोण थांबणार? एका सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि टेबलावरचा फोन पुढे ओढला. ज्या ज्या विद्यार्थ्याने ते सूत्र वापरून काम केलं होतं त्या प्रत्येकाला ते स्वतः फोन करणार होते. "तूं इथें रहा. ते विचारतील कसें, काय. उत्तर तूं सांग. मज आतां त्यांतलें कळत नाहीं असें समज."

मग दिवसभर फोन चालले. कुणी हैदराबादला, कुणी दिल्लीला, कुणी सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर. सर तेच वाक्य दर वेळी पुन्हा सांगत. दगड उघडला, आत काही नव्हतं, मी चुकलो होतो, तुमच्या कामात जिथे ते सूत्र आहे तिथे ते काढा. बहुतेक जण गडबडून म्हणत, असू द्या हो सर, आता कोण बघतंय. सर रागवत. असू द्या कसं, त्यावर कुणी बंधारा बांधला असेल तर? मग रिसीव्हर माझ्या हातात येई, मी तोंड आणि भेग यांतला फरक समजावून सांगे, आणि फोन ठेवताच ते पुढचा नंबर आठवायला लागत. बाईंनी दिलेला डबा कपाटावर तसाच होता.

दुपार उलटून गेल्यावर त्यांनी तिरुचीला फोन लावला. ही त्यांची पहिली विद्यार्थिनी, आता तिथल्या कॉलेजात शिकवत होती. तिचा सबंध प्रबंध, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, त्या एका सूत्रावर उभा होता. सरांनी सांगितलं. सर उभे होते, टेबलाची कड घट्ट धरून. मग तिने काहीतरी विचारलं आणि सरांचा चेहरा पडला. मला ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते कळलं. तिच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

"पट्टम उन्नोडदु," सर म्हणाले. "तप्पु एन्नोडदु." पदवी तुझी आहे. चूक माझी आहे.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. आता ही बाई मला फैलावर घेणार, असं समजून मी सगळी उत्तरं जुळवून ठेवली. चौकोन किती, तापमान किती, चुना किती.

तिने त्यातलं काही विचारलं नाही. ती अगदी हळू, मोठ्या बहिणीसारखी बोलली.

"सर साप्पिट्टारा?"

सर जेवले का?

मी नाही म्हणाले, आणि मला रडू आलं.